फायनलच्या आधी उतरलेली साखर

हंबीरराव भोईट्यांचा आवाज आधी पोचायचा आणि माणूस मागनं. रहिमतपूरच्या बाजारात त्यांनी भाजीवालीला "मेथी कशी दिली?" असं विचारलं, की पलीकडच्या आळीतला सायकलवालाही भाव ऐकून घ्यायचा. शाळेत मास्तर त्यांना प्रार्थनेच्या वेळी मुद्दाम शेवटच्या रांगेत उभं करत, तरी पुढची सगळी पोरं त्यांच्याच चालीत गायची. चाल अर्थातच चुकीची असायची.

तरुणपणी ते स्पीकरच्या धंद्यात पडले. कर्णे बांधायचे, वायरी ओढायच्या आणि 'हॅलो, हॅलो' म्हणून बाजूला व्हायचं, एवढंच काम. एकदा कोरेगावकडच्या बैलगाडी शर्यतीत समालोचकाची मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली. गाड्या जुंपून तयार, लोक शिट्ट्या मारायला लागलेले. कमिटीतला एकजण घायकुतीला येऊन म्हणाला, "हंबीर, तू तरी बोल रं काय तरी!" हंबीरराव बोलले. बैलाचं नाव, मालकाचं गाव, ड्रायव्हरची छाती, चाकाखालचा धुरळा, सगळं एका दमात आलं. खरा समालोचक धापा टाकत पोचला तेव्हा लोकांनी त्याला चहा पाजून खालीच बसवून ठेवलं.

त्या दिवसापासून ते सगळ्यांचे अण्णा झाले. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कुठंही मैदान असो, पत्रकावर बैलांच्या फोटोंखाली अण्णांचा फोटो असायचा. मधे काही वर्षं शर्यतींवर बंदी आली, तेव्हा त्यांनी लग्नांच्या वराती बोलून काढल्या. पण नवरा-नवरी फारच सावकाश चालतात, अशी त्यांची तक्रार असे. बंदी उठली आणि अण्णांच्या जिवात जीव आला.

मैदानावर दिवसभर उभं राहून बोलायचं म्हणजे घसा लागतो. घशाला चहा लागतो. अण्णांचा चहा म्हणजे चमचा उभा राहील इतक्या साखरेचा. शिवाय सदऱ्याच्या खिशात खडीसाखर. शर्यतीचा एक गट पळून संपला की एक खडा गालात. त्यांचा स्पीकरवाला राजवर्धन म्हणायचा, "अण्णा, तुमच्या आवाजात जो गोडवा हाय, तो कारखान्यावर वजन करून घालावा असा हाय." अण्णा खूश होऊन आणखी एक खडा तोंडात टाकायचे.

बावन्नाव्या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं. चहा घेतला तरी जीभ टाळ्याला चिकटायची. पाणी प्यावं तर पाचव्या मिनिटाला उसाची वाट धरावी लागायची. पँट कमरेवर थांबेना. दीपमालाबाई, म्हणजे अण्णांची बायको, एक दिवस म्हणाल्या, "आवं, आता तांब्या न्हाई, हंडाच ठेवते तुमच्या उशाशी." अण्णांनी ते हसण्यावारी नेलं.

मग तो फायनलचा प्रकार घडला. गाड्या रेषेवर उभ्या होत्या, झेंडा वर गेला होता, आणि अण्णांना इतकी घाई झाली की माईक राजवर्धनच्या हातात कोंबून "आलोच!" म्हणत ते शेजारच्या उसात शिरले. इकडं बैलांना अण्णांच्या अडचणीशी काय देणंघेणं? झेंडा पडला, गाड्या सुटल्या. राजवर्धन स्पीकरची बटणं फिरवण्यात वाघ, पण बोलायचं म्हटलं की दातखीळ बसायची. त्यानं माईक तोंडाशी धरला आणि तो नुसताच श्वास घेत राहिला. सगळ्या मैदानाला फक्त त्याची धाप ऐकू आली. उसातून अण्णांचा आवाज माईकशिवायच आला, "आरं, कोण पुढं हाय? कुणी तरी सांगा रं!"

अण्णा परत आले तोवर बक्षिसाची ढाल दिली गेली होती. राजवर्धन खाली मान घालून म्हणाला, "अण्णा, फायनल मुकी गेली."

ते शब्द अण्णांच्या जिव्हारी लागले. घरी येऊन ते स्वतःच म्हणाले, "चल, कुणा डॉक्टरला दाखवू."

दीपमालाबाईंचं माहेर माधवनगरचं. त्यांच्या भावानं, शंभूराजनं, सांगलीतल्या डॉ. चंदनबाला मगदूम यांचं नाव सुचवलं. सकाळची पॅसेंजर धरून दोघं सांगलीला गेले. दवाखाना लहानसा, स्वच्छ. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, बोलणं शांत. अण्णांनी "नमस्कार!" म्हटल्यावर बाहेरच्या बाकावरचं एक लहान मूल रडायला लागलं.

रक्त तपासून झालं. बाईंनी कागद बघितला.

"जेवणानंतरची साखर तीनशे वीस आहे."

"तीनशे वीस? म्हंजे पुढं हाय का मागं?"

"फार पुढं आहे."

"मग झालं की!" अण्णा बायकोकडं वळून म्हणाले.

"हंबीरराव, या शर्यतीत जो पुढं जातो तो हरतो," बाई म्हणाल्या, आणि अण्णांचा चेहरा पहिल्यांदा उतरला.

मग बाईंनी समजवायला घेतलं. जठराच्या मागं, आडवं, लांबट पानासारखं एक इंद्रिय असतं. त्याला स्वादुपिंड म्हणतात.

"पिंड?" अण्णा दचकले. "कावळा शिवतो तसलं?"

"आवं, काय बोलताय!" दीपमालाबाईंनी कपाळाला हात लावला.

बाई मात्र हसल्या. "हे पिंड जिवंतपणीच कामाला येतं. तुम्ही भाकरी खाल्ली, चहा प्यायलात, की त्याची साखर होऊन रक्तात उतरते. स्वादुपिंडाला ते लगेच कळतं. ते इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन स्नायूंच्या पेशींना सांगतं, दारं उघडा, साखर आत घ्या. जास्तीची साखर यकृत साठवून ठेवतं. मग दोन जेवणांच्या मधे, झोपेत, उपवासात रक्तातली साखर उतरायला लागली, की तेच स्वादुपिंड दुसरं हॉर्मोन सोडतं. त्याचं नाव ग्लुकागॉन. ते यकृताला सांगतं, साठवलेलं आता बाहेर काढ. एक भरून ठेवणारं, एक काढून देणारं."

अण्णांचे डोळे चमकले. "म्हंजे बैलजोडी हाय!"

"बैलजोडी नव्हे. जोडीतले बैल एकाच दिशेला ओढतात. हे दोघं उलट दिशांचे आहेत."

"मग जू मोडंल की ओ."

"नाही मोडत. एकाचा जोर असतो तेव्हा दुसरा सैल सोडतो."

"नवरा-बायकोनं असं वागावं," दीपमालाबाई म्हणाल्या. "आमच्यात दोघांचाबी जोर एकदमच असतो."

"मग माझं बिघडलंय काय?" अण्णांनी विचारलं.

"तुमचं इन्सुलिन पेशींना हाक मारतं, पण पेशी ऐकत नाहीत."

"हाक ऐकत न्हाईत? त्याला आवाज न्हाई का?"

"आवाज होता. ऐकणारे बहिरे झाले. ते ऐकत नाहीत म्हणून स्वादुपिंड वर्षानुवर्षं मोठ्यानं ओरडत राहिलं, आणि आता त्याचाही आवाज बसायला लागलाय."

अण्णांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. जगातलं कुठलंही दुखणं त्यांना इतक्या नेमकेपणानं समजलं नसतं. एका समालोचकाच्या पोटात दुसरा समालोचक बसलाय, तो रात्रंदिवस ओरडतोय, समोरची गर्दी ढिम्म, आणि त्याचा घसा चाललाय. त्यांना त्या न पाहिलेल्या पिंडाची मनापासून दया आली.

बाईंनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एक पेशींना ऐकायला लावणारी. दुसरी स्वादुपिंडाला ढोसून जास्तीचं इन्सुलिन सोडायला लावणारी. "ही दुसरी घेतली की जेवण चुकवायचं नाही," बाईंनी दोनदा बजावलं. "तुम्ही जेवलात की नाही हे गोळीला कळत नाही. आणि दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, डोकं चालेना, तर ताबडतोब साखर खायची."

दीपमालाबाईंनी हे कान देऊन ऐकलं. अण्णा भिंतीवरच्या पोटाच्या चित्राकडं बघत होते. त्यांच्या डोक्यात एव्हाना त्या चित्राची कॉमेंट्री सुरू झाली होती.

घरी आल्यावर अण्णा एकदम कट्टर झाले. हा त्यांचा स्वभावच होता. अर्धवट काही करणं त्यांना जमत नसे. चहातली साखर गेली, खिशातली खडीसाखर दीपमालाबाईंनी काढून देवापुढं ठेवली, आणि शंभूराजनं सांगलीहून साखर तपासायचं यंत्र पाठवलं. रोज सकाळी अण्णा पडवीत बसून बोटाला टोचायचे आणि आकडा जाहीर करायचे. मुद्दाम जाहीर करायची गरज नव्हती, ते नुसते पुटपुटले तरी रहिमतपूरजवळच्या त्यांच्या सगळ्या वाडीला कळायचं.

शेजारी मनुबाई राहायच्या. वय सत्तरीच्या पुढचं, साखर जुनी, आणि यंत्र अण्णांच्या आधी आणलेलं. अण्णांनी "एकशे पंचेचाळीस!" असं पुकारलं, की कुंपणापलीकडून मनुबाईंचा बारीक आवाज यायचा, "माजी एकशे तीस हाय रं, हंबीर."

झालं. अण्णांची शर्यत लागली. पण मनुबाई वेळच्या वेळी चतकोर भाकरी, पालेभाजी खाऊन शेतात फेरी मारून यायच्या. त्यांना हरवणं सोपं नव्हतं. अण्णा एकशे तिसावर आले, तर मनुबाई एकशे अठरावर. पारावर पोरं विचारायची, "अण्णा, आज म्हातारी पुढं का तुमी?" ज्या माणसानं जन्मभर इतरांच्या हारजिती पुकारल्या, त्याला रोज सकाळी स्वतःची हार पुकारावी लागत होती.

विट्याकडं मोठं मैदान होतं, त्या दिवशी अण्णांनी ठरवलं की आज शंभराच्या आत यायचंच. संध्याकाळी घरी परतल्यावर मनुबाईंच्या देखत टोचायचं. त्यासाठी त्यांनी युक्ती केली. सकाळी दोन्ही गोळ्या घेतल्या आणि खाल्लं काहीच नाही. दीपमालाबाईंनी भाकरी-पिठलं बांधून दिलं होतं, ते स्टेजच्या खांबाला टांगून ठेवलं. बिनसाखरेचा काळा चहा पीत ते बोलायला उभे राहिले. आदल्या रात्रीही ते दोन घास कमीच जेवले होते.

दुपारपर्यंत सगळं झकास चाललं होतं. आवाज नेहमीसारखा. यशराज नावाच्या पलूसकडच्या तरुणाचा चिमण्या नावाचा बैल फायनलला पोचला होता, आणि त्याच्यासमोर दहिवडीच्या एका पाटलांचा वादळ. त्याआधी फायनलची शेवटची जागा ठरवणारा एक गट पळायचा उरला होता.

तो गट सुटला आणि अण्णा बोलायला लागले.

"चिमण्या पुढं! चिमण्या पुढं! चिमण्या मागंबी हाय! ह्यो तिसरा चिमण्या कुठनं आला?"

चिमण्या त्या गटात नव्हताच. तो लिंबाखाली बांधला होता. लोकांना वाटलं, अण्णा गंमत करतायत. हशा पिकला.

"आता बघा, पाण्याचा टँकर सुटलाय! टँकरनं आघाडी घेतलीय! झेंडेवाल्या, बाजूला व्हय, टँकर येतोय! ड्रायव्हर कोण हाय टँकरचा? वा रं पठ्ठ्या!"

टँकर जागचा हललासुद्धा नव्हता. ड्रायव्हर सावलीत झोपला होता, तो नाव ऐकून दचकून उठला. लोक पोट धरून हसायला लागले.

हे मैदान मोबाईलवर थेट दिसत होतं. इकडं वाडीत दीपमालाबाई आणि मनुबाई पडवीत बसून बघत होत्या. तेवढ्यात अण्णांनी हात वर केला आणि गर्जना केली, "दीपमाला पुढं! दीपमाला एक नंबर! दीपमालाला कुणी आडवू नका!"

"बया!" मनुबाईंनी तोंडाला पदर लावला. "चारचौघांत तुजं नाव घेतलं की गं!"

एरवी दीपमालाबाई लाजून आत पळाल्या असत्या. पण त्यांचं लक्ष पडद्यावरच्या सदऱ्याकडं होतं. सदरा घामानं चिंब झाला होता आणि माईक धरलेला हात लटलट हलत होता. सांगलीच्या बाईंचं एकेक वाक्य त्यांच्या कानात वाजलं. त्यांनी राजवर्धनला फोन लावला.

राजवर्धन तेव्हा माईक काढून घ्यायच्या झटापटीत होता. कमिटीतल्या एकानं अण्णांच्या तोंडाचा वास घेतला. वास कसलाच नव्हता. "भारीतली असंल," तो गंभीरपणे म्हणाला. अण्णा माळकरी. त्यांनी उभ्या जन्मात थेंबाला हात लावला नव्हता, आणि दोन जिल्ह्यांना ते ठाऊक होतं. म्हणूनच सगळ्यांना जास्त मौज वाटत होती.

फोन वाजत राहिला. शेवटी राजवर्धननं उचलला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, कसं सांगू? अण्णांनी आज पहिल्यांदाच—"

"आवं भावजी, प्यायले न्हाईत ते! साखर उतरलीय त्यांची! काय बी गोड घाला तोंडात!"

"गोड? पण त्यांस्नी गोड बंद हाय न्हवं?"

"आत्ता चालू हाय! पळा!"

चहाची गाडी मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, मधे माणसांची भिंत. राजवर्धननं इकडंतिकडं पाहिलं. लिंबाखाली यशराज चिमण्याला फायनलच्या आधीचा खुराक चारत होता: कणकेचे गोळे, आणि शेजारी पितळीत गुळाचं ढेकूळ. राजवर्धननं पितळी उचलली. यशराज ओरडला, "आरं, बैलाचा गूळ हाय तो!"

"बैलापरास गरज हाय!" राजवर्धन पळता पळता म्हणाला.

तांब्याभर पाण्यात गूळ चुरगाळला. राजवर्धननं आणि कमिटीतल्या एकानं अण्णांना खुर्चीत बसवलं. अण्णा शुद्धीवर होते, पण भलतेच तापले होते. तांब्या बघून त्यांनी तोंड फिरवलं. "मला गोड चालत न्हाई!" ते ओरडले, आणि माईक चालूच होता. "ह्यो डाव हाय! मनुबाईची माणसं हायत तुमी! म्हातारी जिंकंल!"

वाडीत मनुबाई मोबाईलकडं बघतच राहिल्या. "मी काय केलं रं बाबा?" त्या म्हणाल्या.

शेवटी राजवर्धननं युक्ती काढली. तो अण्णांच्या कानाशी लागून म्हणाला, "अण्णा, घसा बसलाय तुमचा. घशाचं औषध हाय ह्ये." घसा म्हटल्यावर अण्णांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि घोट घोट करत रिकामा केला.

थोड्या वेळानं थरथर थांबली. घाम वाळला. अण्णांनी आजूबाजूला बघितलं. सगळं मैदान स्टेजकडं तोंड करून उभं होतं, आणि बैलांकडं कुणी बघत नव्हतं. असं त्यांच्या हयातीत कधी झालं नव्हतं.

"काय झालं रं?" त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं.

"काय न्हाई," राजवर्धन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, तरी तो हसत होता. "टँकर पहिला आला."

खांबावरचं गाठोडं सोडलं गेलं. अण्णा भाकरी-पिठलं खायला बसले आणि फायनल त्यांच्यासाठी थांबली. पण तेवढ्यात दहिवडीचे पाटील पुढं आले. "कमिटीनं ह्याचा इचार करावा," ते म्हणाले. "समालोचकानं चिमण्याचा गूळ खाल्लाय. आता ते चिमण्याच्या बाजूनं बोलणार. आमच्या वादळावर अन्याय हाय ह्यो."

कमिटीनं विचार केला. मुद्दा बिनतोड होता. शेवटी तोडगा निघाला, की अण्णांनी वादळच्या खुराकातलंही काहीतरी घ्यावं. पाटलांनी वादळसाठी आणलेल्या किटलीतलं अर्धा पेला दूध स्वतःच्या हातानं अण्णांना पाजलं. दोन्ही बैलांचं खाऊन अण्णा निःपक्षपाती झाले आणि बसल्या जागेवरून फायनल बोलले. वादळ जिंकला. यशराज चिमण्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "गूळ फुकट गेला गड्या."

दुसऱ्याच दिवशी दीपमालाबाईंनी नवऱ्याला सांगलीला नेलं. डॉ. मगदूमबाईंनी सगळं ऐकून घेतलं. गोष्ट टँकरपाशी आली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पण हसू आवरलं.

अण्णा मात्र रागात होते. त्यांचा राग ग्लुकागॉनवर होता. "बाई, तुमी म्हणाला होता, साखर उतरली की ते दुसरं यकृताला सांगतं, काढ म्हणून. मग काल ते कुठं कडमडलं होतं?"

"ते ओरडत होतं, हंबीरराव. पण तुम्ही गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलंत. गोळीनं स्वादुपिंडाला ढोसून ढोसून इन्सुलिन सोडायला लावलं. अंगात इन्सुलिनचा एवढा गलका झाला, की यकृतानं त्याचंच ऐकलं आणि कोठार बंद ठेवलं. त्यात आदल्या रात्रीही तुम्ही कमी जेवलेले, म्हणजे कोठारात होतं तेही थोडकंच. मेंदूला तर सतत साखर लागते. ती मिळेना म्हणून टँकर पळायला लागला."

अण्णांना अजून पटलं नव्हतं. "तुमच्या जैन लोकांत तर कडक उपास असतात. तुमी करता न्हवं?"

"करते. पर्युषणात नुसत्या पाण्यावर राहते, आणि ते पाणीही दिवस मावळेपर्यंतच घेते."

"मग तुमचा टँकर का पळत न्हाई?"

आता मात्र बाईंना हसू आवरेना. "कारण मी गोळी घेत नाही. मी खाल्लं नाही की माझं इन्सुलिन आपसूक कमी होतं, ग्लुकागॉन वाढतं, आणि यकृत साठवलेलं थोडं थोडं सोडत राहतं. तुमच्यात गोळीनं इन्सुलिनला मागं हटूच दिलं नाही. म्हणून तुम्ही मला न विचारता उपास करायचा नाही. आणि साखर शंभराच्या आत आणायची शर्यत कुणी लावली तुमची?"

अण्णांनी खाली बघितलं. "शेजारी एक म्हातारी हाय," ते म्हणाले.

बाईंनी दुसरी गोळी बंद करून तिच्याऐवजी निराळी दिली, जेवणाच्या वेळा ठरवून दिल्या, आणि खिशात साखरेची पुडी कायम ठेवायला सांगितली. "खायला नव्हे," त्यांनी दीपमालाबाईंकडं बघून सांगितलं, "लागली तर."

टँकरचा व्हिडिओ गावोगाव फिरला. माधवनगरला माहेरी गेल्यावर दीपमालाबाईंच्या भाचीनं, अंकितानं, दार उघडताच आरोळी ठोकली, "दीपमाला पुढं!" बाई तिच्यावर चिडल्या, पण जेवताना त्यांनी तोच व्हिडिओ वहिनीला दोनदा दाखवला. मनुबाई अण्णांशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्या स्वतःच कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, "हंबीर, मी आकडा सांगणं सोडलंय बघ. तूबी सोड. दोघं मिळून फेरीला जाऊ." तेव्हापासून सकाळी दोघं रानाच्या वाटेनं चालतात. म्हातारी पुढं आणि अण्णा मागं असतात, पण अण्णा ते कुणाला पुकारून सांगत नाहीत.

पावसाळा संपता संपता डॉ. मगदूमबाईंचा फोन आला. सांगलीत मधुमेहाच्या पेशंटांसाठी त्यांनी शिबिर ठेवलं होतं. "दरवर्षी मी बोलते आणि निम्मे लोक झोपतात," त्या म्हणाल्या. "यंदा तुम्ही बोला."

"म्या? काय बोलू?"

"स्वादुपिंडाची कॉमेंट्री करा. चुकलात तर मी आहे."

अण्णांनी तयारी सुरू केली. गोठ्यात म्हशींसमोर, रानात मनुबाईंसमोर बोलून बघितलं. शिबिराच्या दिवशी धुतलेला फेटा बांधला. हॉल भरलेला होता. पुढच्या रांगेत कुणीतरी आणखी चार डॉक्टर बसले होते. अण्णांनी माईक घेतला, घसा खाकरला.

"भाकरी सुटली! बघा मंडळी, भाकरी तोंडातनं सुटली! दातांनी चुरा केला, लाळेनं भिजवली, गाडी आली जठरात! जठरात घुसळण, पुढं आतडं! आतड्यातनं साखर रक्तात उतरली, उतरली, चढाय लागली! शंभर! एकशे वीस! आणि पाठीमागनं स्वादुपिंडानं बघितलं! स्वादुपिंडानं इन्सुलिन सोडलं! इन्सुलिन आलं, दारं ठोठावली, आरं उघडा रं दारं!"

एक झोपाळू आजोबा खडबडून जागे झाले आणि दाराकडं बघायला लागले.

"साखर आत! उरलेली यकृताच्या कोठारात! साखर उतरली! आणि आता ग्लुकागॉन आलं, त्यानं इन्सुलिनला धरून आपटलं—"

"आपटत नाही," कोपऱ्यातून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आपटत न्हाई!" अण्णांनी तितक्याच जोरात दुरुस्ती केली. "आदबीनं बाजूला उभं केलं! म्हणालं, तुमी दमला, आता आमी बघतो! यकृता, काढ साखर!"

टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतले डॉक्टर मोबाईल वर धरून उभे राहिले. अण्णांनी गोळी घेऊन उपाशी राहिलेल्या एका शहाण्याची गोष्टही सांगितली. नाव सांगितलं नाही, पण टँकर म्हटल्याबरोबर हॉलमध्ये जो हशा उठला, त्यावरून नाव सगळ्यांना ठाऊक होतं.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी सहज म्हणून अण्णांच्या बोटाला टोचलं. आकडा दोनशे दहा आला.

दीपमालाबाईंचा चेहरा कडक झाला. "काय खाल्लंत? खरं सांगा."

"आई शप्पथ, काय न्हाई! येताना माधवनगरला तूच वाढलीस की, त्याउपर काय न्हाई!"

डॉक्टरीणबाईंनी अण्णांचा हात हातात घेतला. तो गार पडला होता आणि तळवा ओला होता. त्यांनी लगेच पुन्हा आकड्याकडं पाहिलं. "साखर खाऊनच वाढते असं नाही. माणूस घाबरला की अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. तेही यकृताला साखर काढायला लावतं, पळून जायला ताकद हवी म्हणून. घाबरला होतात का?"

"म्या?" अण्णांनी छाती काढली. मग पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्यांकडं त्यांची नजर गेली. आवाज एकदम खाली आला, इतका खाली, की दीपमालाबाईंना जवळ सरकून ऐकावं लागलं. "हजार माणसांपुढं बोललो गं जन्मभर. पण ते चारी डॉक्टर समोर बसल्यालं बघितलं. वाटलं, आता पळावं."

"मग पळाला का न्हाई?"

"तू दारात उभी हुतीस."

दीपमालाबाईंनी त्यांच्या डोक्यावरचा सैल झालेला फेटा उतरवला, घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "चला, अर्धा तास चालू. मग परत टोचू."

दोघं हॉलच्या मागच्या दारानं बाहेर पडले आणि नदीच्या रस्त्याला लागले. अण्णा हळूहळू चालत होते. वाटेत कुणीतरी ओळखून हाक मारली, "अण्णा, एक वाक्य म्हणा की!" अण्णांनी नुसता हात हलवला. बोलायला आत्ता त्यांना दम नव्हता, आणि बायको दोन पावलं पुढं निघाली होती.